शेवाळाच्या शेतातली खाज

झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर, पाजे आणि जांबियानी या गावांसमोर, उधाणाच्या ओहोटीला समुद्र पार लांब जातो. मग बायका दोऱ्या आणि खुंट्या घेऊन गुडघाभर पाण्यात उतरतात. वाळूतल्या खुंट्यांना ताणलेल्या दोरीवर समुद्रशेवाळाचे कोंब बांधायचे आणि काही आठवड्यांनी वाढलेलं पीक काढायचं. स्वाहिलीत याला ‘म्वानी’ म्हणतात. १९८९ च्या सुमारास तिथे ही शेती धंदा म्हणून सुरू झाली. या शेवाळातून निघणारं कॅराजीनन आपल्या टूथपेस्टला आणि आइस्क्रीमला दाटपणा देतं.

पाठदुखी, डोळ्यांची आग यांच्या जोडीला या बायकांची एक तक्रार असते, अंगाला सुटणारी खाज. दोष साहजिकच शेवाळावर जातो. मला विचाराल तर त्या बिचाऱ्याचा त्यात फारसा हात नाही.

बरंचसं नुकसान पाणीच करतं. भातलावणीत पायाच्या बेचक्यांत चिखल्या कशा होतात, हे कोकणात कुणाला सांगायला नको. त्वचेचा सगळ्यांत वरचा थर म्हणजे मेलेल्या पेशींच्या विटा आणि मधे स्निग्ध पदार्थांचा चुना. तासन्‌तास भिजलं की विटा फुगतात, चुना सुटतो. वर नायलॉनची दोरी आणि शिंपल्यांच्या धारा बारीक चरे पाडतात, त्यात मीठ झोंबतं.

मग येतो खरा उपद्रवी, लिंग्बिया. दिसतो शेवाळासारखा, पण तो नीलहरित जिवाणू. त्याच्या केसांसारख्या काळपट जटा दोऱ्यांवर आणि पिकावर चढतात, आणि त्या हातानेच ओरबाडून काढाव्या लागतात. काही प्रकारांत लिंग्बियाटॉक्सिनसारखी विषं असतात. ती पेशीतल्या प्रोटीन कायनेज सी या एन्झाइमला चेतवतात आणि दाह सुरू होतो. लगेच काही कळत नाही. काही तासांनी आग, मग लाली, फोड, शेवटी सालपटं. १९५८ च्या उन्हाळ्यात हवाईच्या ओआहू बेटावर सव्वाशेएक पोहणाऱ्यांना हाच त्रास झाला. पुरळ उठलं ते नेमकं पोहण्याच्या कपड्यांखाली, कारण तंतू कापडात अडकून कातडीला घासत राहिले होते.

(ही अॅलर्जी नव्हे. ती पाहायची तर उत्तर समुद्रातल्या डॉगर बँकेवरच्या कोळ्यांकडे जावं. तिथे शेवाळासारखी दिसणारी एका इवल्या प्राण्याची वसाहत जाळ्यात येते, आणि एकदा तिचं वावडं जडलं की पुढे नुसत्या स्पर्शाने हात फुटतात.)

झांझिबारच्या बायका अंगभर कपड्यांत, वर कांगा नावाचं कापड गुंडाळून काम करतात. म्हणजे अंग झाकणारं कापडच तंतू धरून ठेवू शकतं. ‘हातमोजे घाला’ म्हणणं सोपं आहे. पण जाड मोज्यांतून बारीक दोरीची गाठ बसत नाही, आणि आत पाणी शिरलं की मोजा म्हणजे हाताभोवतीचं डबकं. मन्नारच्या आखातात बुडी मारून शेवाळ काढणाऱ्या तमिळ बायका बोटांना चिंध्या गुंडाळतात. त्याने खडकाची धार चुकते, ओल चुकत नाही.

बाहेर आल्याआल्या ओले कपडे उतरवून साबण आणि गोड्या पाण्याने अंग धुणं जास्त कामाचं. पण ओहोटी थोड्या वेळाची. भरती लागेपर्यंत कुणी बाहेर येत नाही. आल्यावरही आधी ओल्या शेवाळाची पोती किनाऱ्यावर ओढायची असतात.