विभाजक न शोधता सिद्ध झालेली मूळ संख्या

ऑक्टोबर २०२४ मध्ये आजवरची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या जाहीर झाली: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. ‘गिम्प्स’ या १९९६ पासून चालू असलेल्या सामूहिक शोधमोहिमेत ल्यूक ड्युरँट यांना ती सापडली. लिहून काढली तर ती ४,१०,२४,३२० अंकी भरते. संगणकाने तिला २, ३, ५, ७ अशा एकेका संख्येने भागून पाहिलं असणार, असा पुष्कळांचा समज असतो. ते अशक्य आहे. भागाकार वर्गमुळापर्यंतच करायचे म्हटलं, तरी ते वर्गमूळच दोन कोटींहून जास्त अंकी आहे!

२ च्या घातातून १ वजा केला की मिळते ती मर्सेन संख्या. तिच्यासाठी एक अफलातून कसोटी आहे. एदुआर लुकास यांनी एकोणिसाव्या शतकात ती मांडली आणि डी. एच. लेमर यांनी पुढे तिला आजचं रूप दिलं. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा. मग त्या बाकीवर पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या पायऱ्यांनंतर शून्य उरलं तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त.

३१ घ्या, म्हणजे २ चा ५ वा घात वजा १. पायऱ्या तीन. ४ वरून १४. १४ वरून १९४, बाकी ८. ८ वरून ६२, बाकी शून्य. ३१ मूळ आहे.

यातला भागाकारही खरा भागाकार नाही. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिलं तर, १९४ म्हणजे ११००००१०. उजवीकडचे पाच अंक तोडा: ०००१०, म्हणजे २. डावीकडे उरले ११०, म्हणजे ६. बेरीज ८, तीच बाकी! मर्सेन संख्या द्विमानात नुसत्या १ ची रांग असते, म्हणून हे जमतं. विक्रमी मूळ संख्या बहुधा याच कुळातल्या का निघतात, ते यावरून कळतं.

पण शून्यच का? ४ म्हणजे २+√३ आणि २−√३ यांची बेरीज, आणि या दोघांचा गुणाकार १. त्यामुळे बेरजेचा वर्ग करून २ वजा केले की दोघांच्या वर्गांची बेरीज हाती येते. म्हणजे दर पायरीला आपण २+√३ चा घातांक दुप्पट करतो. आता २+√३ ला २+√३ नेच पुन्हापुन्हा गुणत आणि दर वेळी बाकी ठेवत गेलं, तर कधीतरी १ येऊन चक्र पूर्ण होतं. कसोटीत शेवटी शून्य आलं, तर या चक्राची लांबी आपल्या संख्येहूनही एकने जास्त आहे, असं सिद्ध होतं. संख्येला वर्गमुळाहून लहान विभाजक असता, तर त्या विभाजकाच्या हिशेबात एवढं लांब चक्र मावलंच नसतं.

या शोधामुळे बँकांचे व्यवहार अधिक सुरक्षित होतील, हा दावा मात्र निराधार आहे. सांकेतिक लेखनाला काहीशे अंकी आणि गुप्त मूळ संख्या लागतात. ही तर जगजाहीर आहे.

कसोटी नापास झाली तर संख्या संयुक्त ठरते, पण विभाजक कळत नाहीत. २०४७ ला नऊ पायऱ्यांनंतर १७३६ उरतात. २३ × ८९ आपणच शोधायचं. २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या संयुक्त असल्याचं लुकास यांनी १८७६ मध्ये दाखवलं. १९,३७,०७,७२१ हा तिचा विभाजक फ्रँक कोल यांनी १९०३ मध्ये मांडला. २ चा १२७७ वा घात वजा १ ही ३८५ अंकी संख्याही नक्की संयुक्त आहे. तिचा एकही विभाजक अजून सापडलेला नाही.