प्रतिकृती रायफल (थ्री-नॉट-थ्री)

नाटक, चित्रीकरण किंवा देखाव्यासाठी केलेली, गोळी न उडणारी रायफल. बेचाळीसच्या चळवळीतला शिपाई उभा करायचा तर त्याच्या खांद्यावर ली-एन्फिल्ड मार्क ३, म्हणजेच .३०३ इंच व्यासाच्या गोळीची थ्री-नॉट-थ्री लागते. मूळ बंदूक सुमारे ११३० मिमी लांब आणि चार किलोच्या आत-बाहेर भरते.

अमेरिकेत मोडीत काढलेल्या लष्करी बंदुकांच्या सुट्या भागांचे संच विकत मिळतात आणि हौशी लोक त्यातून प्रतिकृती जुळवतात. भारतात तो मार्ग नाही. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच ठरतात, आणि नकली बंदूक विनापरवाना खरी करणे हा कलम ६ खाली गुन्हा आहे. म्हणून सगळे काम लाकूड, भरीव सळी आणि ओतकामावर चालते, आणि कोल्हापुरात या तिन्हींचे कारागीर सापडतात.

नळीच्या जागी १६ मिमीची भरीव लोखंडी सळी, ६४० मिमी लांब. तिचे वजन साधारण एक किलो होते. तोंडाशी फक्त १० मिमी खोल भोक पाडायचे. पोकळ पाइप वापरू नये: कायद्याच्या दृष्टीने शंका येते आणि बंदूक हातात पोरकट हलकी लागते.

बोल्टसकट (गोळी भरायचा सरकता दांडा) मधला भाग अॅल्युमिनियमचा एकसंध ठोकळा असतो. कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात लाकडी पॅटर्न (ओतकामाचा नमुना) दिला की तो ओतून मिळतो. थंड होताना अॅल्युमिनियम साधारण १.३ टक्के आकसते, म्हणजे २०० मिमीच्या ठोकळ्याला पॅटर्न अडीच मिमी मोठा हवा. हे विसरले की लाकडी दस्ता आणि ठोकळा यांच्यात फट राहते. मग ती लांबीने (पुट्टीने) भरून काढायची वेळ येते, आणि लांबी पहिल्याच आपटीत निखळते.

खरे दुखणे दस्त्याचे. मूळ रायफलीचा दस्ता दोन तुकड्यांत असतो. मागचा तुकडा आतून लांब बोल्टने आवळलेला असतो. घाईत एकाच फळीतून कापला तर मुठीच्या वळणावर लाकडाच्या रेषा आडव्या जातात आणि तिथेच तो मोडतो. शिसव किंवा सागवान, पूर्ण वाळलेले घ्यावे, मागच्या तुकड्यात ८ मिमीचा स्टड (आट्यांची सळी) घालावा. ओलसर लाकूड पावसाळ्यानंतर पिळते आणि पुढच्या तुकड्यातली सळी वाकडी दिसू लागते.

वरून जवसाचे तेल दोन-तीन हात, प्रत्येक हात पूर्ण सुकल्यावर. चकचकीत पॉलिश दिव्याखाली लगेच खोटे दिसते. धातूला मॅट काळा रंग. बाहेर चित्रीकरण असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवावे. लांबून पाहणाऱ्याला ही रायफल खरीच वाटते.