किल्ल्याच्या पोटातलं नाट्यगृह

सीरियाच्या दक्षिणेला बुसरा नावाचं जुनं गाव आहे. तिथे आधी दिसतो तो किल्ला: खंदक, जाडजूड बुरूज, काळे दगड. अंधाऱ्या बोळांतून वाट काढत आत गेलं, की एकदम आभाळ उघडतं आणि समोर अर्धवर्तुळात चढत गेलेल्या दगडी पायऱ्यांच्या ३७ रांगा! हे रोमन नाट्यगृह.

इ.स. १०६ मध्ये रोमन सम्राट ट्राजनने नबातियन या अरब लोकांचं राज्य खालसा केलं आणि बुसरा रोमच्या नव्या अरेबिया प्रांताची राजधानी झाली. नाट्यगृह त्याच दुसऱ्या शतकातलं. ग्रीक लोक सहसा टेकडीचा उतार शोधून त्यावर पायऱ्या बसवत. इथे भोवती सपाट माळ. मग रोमनांनी कमानींवर कमानी रचून उतारच बांधून काढला, सुमारे १०२ मीटर व्यासाचा. पायऱ्यांखालच्या वाटांनी प्रेक्षक थेट आपल्या रांगेपाशी निघत. अशा वाटांना ‘व्होमिटोरियम’ म्हणतात. रोमन लोक तिथे जेवणानंतर उलट्या करत, ही गोष्ट निव्वळ थाप. तिथून ओकली जायची ती गर्दी.

दगड आपल्या ओळखीचा आहे: बेसॉल्ट, म्हणजे सह्याद्रीतल्यासारखाच लाव्हा थिजून झालेला काळा पाषाण. घडवताना छिन्नीचा जीव काढणारा, पण टिकाऊ.

रंगमंचामागची उंच भिंत शोभेपुरती नव्हती. नट तिच्यापासून पाच मीटरवर उभा असेल, तर त्याचा आवाज भिंतीवर आपटून साधारण ३० मिलिसेकंद उशिरा प्रेक्षकाकडे पोहोचतो. एवढ्या कमी अंतराने आलेले दोन आवाज कानाला वेगळे कळत नाहीत; एकच, पण भरीव आवाज ऐकू येतो. शिवाय पायऱ्या चढत्या असल्याने पुढच्याचं डोकं ना नजरेच्या आड येतं, ना आवाजाच्या.

नाटकं थांबली, आणि खरी गंमत पुढेच आहे. ओस पडलेल्या वास्तूचे दगड लोक घरं बांधायला नेतात. इथे मात्र लष्कराने बाहेरची दारं बुजवून त्याचा किल्ला केला. तेराव्या शतकात अय्युबी, म्हणजे सलादिनच्या घराण्यातल्या, सुलतानांनी भोवती बुरुजांचं कडं पुरं केलं. आत मातीचे थर साचले, पायऱ्यांवर नवी बांधकामं उभी राहिली. पहाऱ्यातल्या किल्ल्याचे दगड कोण नेणार?

विसाव्या शतकात, १९४७ नंतर, हे सगळं उपसून नाट्यगृह मोकळं केलं गेलं. त्यात आतली अय्युबी बांधकामंही पाडली. तीही सातशे वर्षं जुनी होती. मला त्याची हळहळ वाटते. बुरूज मात्र राखले, म्हणून नाट्यगृहात शिरायचं तर आजही किल्ल्याच्या दारातूनच.