थर्मोस्टॅट

थर्मोस्टॅट म्हणजे तापमान बघून गरम किंवा गार करणारं यंत्र आपोआप चालू-बंद करणारा स्विच. इस्त्री, गीझर, फ्रिज, एसी, ओव्हन, थंड देशांत घर गरम ठेवणारी सिस्टीम, सगळ्यात तो असतो, रूप फक्त वेगळं. एक गोष्ट आधीच सांगायला हवी कारण बहुतेकांचा घोळ इथेच होतो: थर्मोस्टॅट कुठे थांबायचं ते ठरवतो, किती जोरात चालायचं ते नाही. उन्हातून घरी आल्यावर साधा एसी १८ वर लावला म्हणून खोली लवकर गार होत नाही, कॉम्प्रेसर २४ लाही तेवढ्याच ताकदीने चालतो, १८ वर तो फक्त थांबत नाही आणि बिल वाढतं. इन्व्हर्टर एसीत मात्र कॉम्प्रेसरचा स्पीड कमीजास्त होतो, त्यामुळे तिथे हे तंतोतंत लागू नाही.

जुना आणि अजूनही टिकून असलेला प्रकार म्हणजे दोन धातूंची पट्टी. पितळ तापलं की जास्त प्रसरण पावतं, इन्व्हार नावाचं निकेल-लोखंडाचं मिश्रण जवळजवळ पावतच नाही, मग दोन्ही एकमेकांना चिकटवून तापवलं की पट्टी वाकते आणि विजेचा काँटॅक्ट सुटतो. इस्त्री करताना मधेच टक् असा आवाज येतो आणि लाल दिवा विझतो ना, तो हाच. फ्रिजच्या जुन्या पद्धतीच्या थर्मोस्टॅटमध्ये पट्टीऐवजी गॅस भरलेली बारीक तांब्याची नळी असते, तिचं टोक कूलिंग कॉइलला टेकवलेलं, गॅसचा दाब वाढला की स्विच लागतो. नॉबवरचे १ ते ७ आकडे म्हणजे डिग्री नव्हेत, आणि बहुतेक फ्रिजमध्ये आकडा मोठा तितका गारठा जास्त. एसीत आता थर्मिस्टर असतो, तापमानाप्रमाणे त्याचा रेझिस्टन्स बदलतो आणि बाकीचं सर्किट बघतं.

चालू आणि बंद होण्याचं तापमान मुद्दाम एक ठेवत नाहीत, मधे एखाद-दोन डिग्रीचं अंतर सोडतात. नाहीतर कॉम्प्रेसर मिनिटामिनिटाला चालू-बंद होत राहील आणि लवकर जाईल. बंद झाल्यावर आतल्या गॅसचा दाब समान व्हायलाही वेळ लागतो, म्हणून बऱ्याच एसीत परत चालू होण्याआधी साधारण ३ मिनिटं थांबायची सोय असते.

कल्पना जुनी आहे. डच संशोधक कॉर्नेलिस ड्रेबेलने १७व्या शतकाच्या सुरुवातीला अंडी उबवायच्या पेटीसाठी पाऱ्यावर चालणारी अशी रचना केली होती, १८३० मध्ये स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ अँड्र्यू युरने दोन धातूंच्या पट्टीचं पेटंट घेतलं. खोलीसाठीचा विजेवर चालणारा थर्मोस्टॅट मात्र अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या वॉरन जॉन्सन या शिक्षकाचा, पेटंट १८८३ चं. आपण गीझर-फ्रिजमधून याला ओळखतो, तिकडे हिवाळ्यात अख्खं घर त्याच्यावर चालतं, आणि १९५३ मध्ये आलेला डिझायनर हेन्री ड्रेफसने आखलेला हनीवेल कंपनीचा गोल थर्मोस्टॅट तिथे घरोघरी भिंतीवर दिसायचा.

गीझरबद्दल नीट वाचा. त्यात थर्मोस्टॅटसोबत वेगळा सेफ्टी कटआउट असतो. थर्मोस्टॅटचे काँटॅक्ट चिकटले तर हीटर बंदच होत नाही, पाणी उकळायला लागतं, तेव्हा हा कटआउट वीज तोडतो. बऱ्याच मॉडेलमध्ये तो बटण दाबून परत सेट करता येतो आणि लोक तेच करत बसतात, पण तो सारखा उडत असेल तर थर्मोस्टॅट किंवा वायरिंग खराब आहे, इलेक्ट्रिशियनला बोलवा, कटआउट बायपास तर कधीच करू देऊ नका.

भारतात जानेवारी २०२० पासून स्टार रेटिंगवाले रूम एसी २४ डिग्रीच्या डिफॉल्ट सेटिंगवर यायला लागले. सेन्सर मात्र घरातल्या भिंतीवरच्या एसीत सहसा आत जाणाऱ्या हवेच्या वाटेवर असतो, म्हणजे तो छताजवळची हवा मोजतो, पलंगावरची नाही. काही मॉडेलच्या रिमोटमध्येही सेन्सर असतो, ते फीचर चालू असेल तर रिमोट उशीखाली किंवा चादरीत ठेवू नका, त्याला खोली गरमच वाटत राहील.