माठ, लादी आणि निळा बर्फ : खानदेशातल्या उन्हाळी सरबतांची पार्श्वभूमी

खानदेशात घरचं सरबत कसं बदलत गेलं हे पाहायचं तर फळांच्या आधी एक गोष्ट बघावी लागते : ते गार कशानं करायचं? कैरी, चिंच, लिंबू तीच राहिली. गारवा मात्र आधी माठातून आला, मग कारखान्यातून, मग घरच्या फ्रिजमधून. प्रत्येक वेळी पेल्यातलं पाणीही बदललं.

बुऱ्हाणपूरच्या फारुकी राजवटीत (1382 ते 1601) आणि पुढे मोगलांच्या काळात साखरेची, गुलाबाची सरबतं या मुलखाच्या मोठ्या घरांत आली असणार. गावात गुळाचं पन्हं आणि चिंचवणीच चाललं. कैरी राखेत भाजायची किंवा उकडायची, गर गुळात कोळायचा, मीठ-जिरं घालायचं आणि वरून माठाचं पाणी. भुसावळ-जळगावकडे पारा 44-45 वर जातो तेव्हा हवा अगदी कोरडी असते, आणि कोरड्या हवेत माठ फार चांगलं काम करतो. बाहेर पाझरलेलं पाणी उडून जाताना आतली उष्णता घेऊन जातं, त्यामुळे सावलीत ओलं फडकं गुंडाळून ठेवलेल्या माठातलं पाणी 25 ते 28 अंशांपर्यंत उतरू शकतं. कोकणातल्या दमट हवेत हे साधत नाही. बर्फाची आठवणही न होता इथल्या पिढ्यांनी उन्हाळे काढले त्यामागे हे कारण आहे. गूळ आणि मीठ घालण्यामागेही हिशोब होता. घामावाटे गेलेलं मीठ भरून यायला हवं, नुसतं गोड पाणी त्याला पुरत नाही.

गारव्याचा दुसरा साठा नदीचा. तापीच्या उघड्या वाळूत भोई समाजाची माणसं डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, आणि टरबुजाच्या वाड्या लावत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या घागरीवर डांगर ठेवायचं आणि मग घरात त्याच्या फोडी गूळ घालून खायच्या, हा क्रम अजून अनेक घरांत पाळतात. तापीवरचं उकाई धरण 1972 मध्ये पूर्ण झालं, पुढे हतनूरही झालं, आणि अडलेल्या पाण्याखाली किंवा बदललेल्या प्रवाहामुळे त्यातली बरीच वाळू लागवडीतून गेली. आज बाजारात येणारं टरबूज बहुतेक ठिबक आणि मल्चिंग पेपरवरचं (वाफ्यावर अंथरलेल्या प्लास्टिकवरचं), शेतातलं असतं. ते मुबलक झालं म्हणूनच टरबुजाचा रस घरोघर निघू लागला. पूर्वी टरबूज कापून खायचं फळ होतं, रस काढायचं नव्हे.

केळीचा मुलूख असून केळीचं उन्हाळी पेय इथे कधी रुजलं नाही. केळ्यात आंबटपणा नाही आणि रसही सुटत नाही. त्याचं शिकरण होतं, आणि शिकरण पोळीशी खायचं. केळीचा शेक आला तो मिक्सरबरोबर.

साखरेचं बाटलीबंद घट्ट सरबत घरी करणं बराच काळ ऐपतीचं काम होतं, कारण एक बाटली भरायला किलोभर साखर लागे आणि साखर रेशनवर मोजून मिळे. 1967 मध्ये साखरेवरचं नियंत्रण अंशतः उठलं, तशी मोकळ्या बाजारातली साखर हळूहळू हाताशी आली. एप्रिल 2022 मध्ये लिंबू दहा रुपयांच्या आसपास गेलं तेव्हा अनेकांनी लिंबाऐवजी लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, वापरलं. चव जुळते, पण लिंबातलं क जीवनसत्त्व त्यात नसतं. लहान मुलांना द्यायच्या सरबतात तरी खरं लिंबूच पिळावं असं मला मनापासून वाटतं.

आता बर्फ. 2005 नंतरच्या काही उन्हाळ्यांत ग्रामीण महाराष्ट्रात दहा-बारा तासांचं भारनियमन होतं. घरात फ्रिज आला होता, पण वीज नसल्यानं त्यात बर्फ धरत नव्हता. मग हळद, साखरपुडा, आखाजी, काहीही असो, गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी आणायची आणि फोडून थेट पातेल्यात टाकायची ही रीत पक्की झाली. कारखान्यात खाऱ्या गार पाण्याच्या हौदात पाणी भरलेले डबे सोडून लादी गोठवतात. डब्यात कुठलं पाणी भरलंय ते लादीवरून कळत नाही. गोठल्यानं सगळे जंतू मरत नाहीत, लादी विरघळली की काविळीचे आणि विषमज्वराचे जंतू पेल्यात मोकळे होतात. लग्नघरी पन्हं पिऊन गाव आजारी पडलं की दोष कैरीला जाई. तपासायला हवा होता तो बर्फ.

2018 मध्ये राज्यात निर्णय झाला की खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळायचा. इंडिगो कार्मिन किंवा ब्रिलियंट ब्लू, दहा लाख भागांत 10 भागांपर्यंत. खायचा बर्फ पिण्यायोग्य पाण्याचा आणि बिनरंगी. पुढे देशभरासाठीही असेच निर्देश आले. वरकरणी याहून सोपं काही नाही, निरक्षर माणसालाही निळा आणि पांढरा कळतो. तरी गुंता तिथेच सुरू झाला. कारखानदारांची अडचण अशी की हौद एकच, डबे तेच, आणि दोन्ही प्रकार वेगळे ठेवायचे तर जागा, पाणी आणि परवाना सगळंच वाढतं. दुसरा प्रश्न जास्त अवघड. निळा बर्फ मासळी, दूध, भाजी टिकवायला वापरायचा म्हणतात, पण मासळीसुद्धा अन्नच आहे, आणि अन्नाला टेकणारा बर्फ पिण्यायोग्य पाण्याचा असावा हा नियम आधीपासून आहे. मग अशुद्ध पाण्याचा बर्फ नेमका कशासाठी राहू द्यायचा, याचं उत्तर रंगानं मिळालं नाही.

यात सर्वात मोठी फट शेवटच्या गिऱ्हाइकाकडे आहे. निळा रंग पन्ह्यात किंवा रसात मिसळला की दिसत नाही. रसवंतीच्या किंवा मांडवाच्या मागे लादी फुटते, समोर येतो तो पेला. म्हणजे रंग ओळखायची संधी फोडणाऱ्याला मिळते, पिणाऱ्याला मिळत नाही. या निर्णयाला निरुपयोगी म्हणणं चूक ठरेल. लादी आणायला गेलेल्या माणसाच्या हातात त्यानं निदान एक खूण दिली. पण पाण्याची तपासणी कारखान्यातच नेमानं झाली असती तर रंगाची गरजच उरली नसती, असं माझं ठाम मत आहे.

भारनियमन कमी झालं, घरचा फ्रिज चालू लागला आणि चार माणसांपुरतं सरबत पुन्हा घरच्या बर्फावर आलं. समारंभांत लादीची जागा बऱ्याच ठिकाणी गार पाण्याच्या जारनं घेतली. पन्ह्याचा गर घरी करतात, पाणी जारचं घालतात. सीलबंद बाटलीतल्या पाण्याला परवाना लागतो, 2024 पर्यंत मानांकनही सक्तीचं होतं, पण झाकण नुसतं दाबून लावलेला सुटा जार त्या चौकटीत नीट बसत नाही. गावोगावी उभ्या राहिलेल्या या थंड पाण्याच्या केंद्रांवर नजर कोणी ठेवायची, हा प्रश्न उरतोच.