प्रक्षेपण हक्क आणि फुटबॉल क्लबचे अर्थकारण (पुणे)

फुटबॉल क्लबकडे पैसा मुख्यतः चार वाटांनी येतो : तिकीटविक्री, प्रायोजक, खेळाडूंची विक्री आणि सामन्यांच्या प्रक्षेपण हक्कांतला वाटा. पहिल्या तिन्हींचा भरवसा नसतो; संघ हरू लागला की त्या आटतात. प्रक्षेपण हक्क मात्र काही वर्षांसाठी आगाऊ विकले जातात आणि बहुतेक देशांत ते क्लब नव्हे, तर लीग विकते. त्यामुळे पुढच्या हंगामात किमान किती रक्कम येणार, हे क्लबला आधीच ठाऊक असते. २००९ ते २०१९ या दहा वर्षांत पुण्यातून चार क्लब देशाच्या अव्वल स्पर्धांमध्ये खेळले आणि चारही बंद पडले. त्यांच्या जमाखर्चात हा भरवशाचा आकडा कधी आलाच नाही.

या व्यवस्थेचे सर्वांत ठळक उदाहरण इंग्लंडचे. १९९२ मध्ये तिथल्या अव्वल क्लबांनी जुन्या फुटबॉल लीगमधून बाहेर पडून प्रीमियर लीग काढली, ती प्रामुख्याने दूरचित्रवाणीचा पैसा आपल्याच हाती राहावा म्हणून. पहिला करार पाच वर्षांसाठी सुमारे ३० कोटी ४० लाख पौंडांचा होता. २०२५ ते २०२९ या चार हंगामांसाठी केवळ ब्रिटनमधले हक्क सुमारे ६७० कोटी पौंडांना गेले. देशांतर्गत रकमेचा निम्मा भाग सर्व वीस क्लबांना सारखा मिळतो. पाव भाग गुणतक्त्यातल्या स्थानानुसार आणि पाव भाग किती सामने थेट दाखवले यानुसार वाटला जातो. शेवटच्या क्रमांकाचा क्लबही त्यामुळे उपाशी राहत नाही. खालच्या श्रेणीत घसरलेल्या क्लबला पुढची काही वर्षे कमी होत जाणारी भरपाई मिळते, तिला ‘पॅराशूट’ म्हणतात. स्पेनमध्ये २०१५ पर्यंत प्रत्येक क्लब आपले हक्क स्वतंत्रपणे विकत असे. रेआल माद्रिद आणि बार्सिलोना यांच्या वाट्याला त्यातला सिंहाचा वाटा जाई. सरकारने हुकूम काढून सामूहिक विक्री सक्तीची केली, तेव्हा ही दरी काहीशी बुजली.

हा पैसा क्लबच्या तिजोरीत फारसा टिकत नाही. तो खेळाडूंच्या पगारांत जातो. प्रक्षेपणाचा करार तीन-चार वर्षांचा असतो, पण पगार ठरतात ते हा पैसा कायम वाढत राहील असे धरून. २००२ मध्ये खालच्या श्रेणींचे हक्क घेतलेली ‘आयटीव्ही डिजिटल’ ही वाहिनी बुडाली आणि इंग्लंडच्या खालच्या श्रेणींतले अनेक क्लब दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले. २०२० मध्ये फ्रेंच लीगचे हक्क घेतलेल्या ‘मीडियाप्रो’ या कंपनीने हप्ते थकवले तेव्हा फ्रान्सच्या क्लबांवर तीच वेळ आली.

पुण्याकडे पाहिले की चित्र उलटे दिसते. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ मध्ये स्थापन झाला, २००९-१० पासून आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली अव्वल लीग, खेळला आणि २०१२-१३ मध्ये उपविजेता ठरला. मामुर्डीला त्याची अकादमी होती. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४-१५ चा एकच हंगाम खेळला. शहरातला जुना शिवाजीयन्स क्लब डीएसके समूहाच्या नावाने आय-लीगमध्ये उतरला आणि दोन हंगामांनंतर, २०१७ मध्ये थांबला. इंडियन सुपर लीगमधला वाधवान समूहाचा एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये आला. इटलीचा फिओरेंटिना क्लब त्यात भागीदार होता, हृतिक रोशन सहमालक होता. २०१७-१८ मध्ये संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. २०१९ मध्ये क्लब बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. २०१४-१५ मध्ये बालेवाडीच्या एकाच मैदानाला तीन अव्वल संघ आपले घर म्हणत होते. पाच वर्षांत तिथे एकही उरला नाही. शहरात फुटबॉलची आवड नाही, असे कारण यासाठी सर्रास दिले जाते. ते चुकीचे आहे. चारही क्लब एकेका उद्योगसमूहाच्या खिशावर चालत होते, आणि समूहाने हात आखडता घेतला की दुसरा आधार नव्हता.

हा आधार का नव्हता, हे भारतातल्या हक्कांच्या रचनेत दिसते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने डिसेंबर २०१० मध्ये आपले व्यावसायिक हक्क पंधरा वर्षांसाठी, ७०० कोटी रुपयांना, आयएमजी-रिलायन्स या कंपनीला दिले. ही रक्कम महासंघाची होती, क्लबांची नव्हे. पुढे याच हक्कांच्या आधारे इंडियन सुपर लीग निघाली; ती चालवणाऱ्या कंपनीत स्टार इंडिया भागीदार झाली आणि सामनेही स्टारच्याच वाहिन्यांवर दिसू लागले. विकणारा आणि घेणारा एकाच घरातले असले की चढाओढ होत नाही, आणि चढाओढीशिवाय भाव ठरत नाही. मध्यवर्ती उत्पन्नातला वाटा क्लबांना मिळे, पण लीगमध्ये राहण्यासाठी त्यांनाच दरवर्षी कोट्यवधींचे फ्रँचायझी शुल्क भरावे लागे. क्रिकेटशी तुलना केली तर अंतर कळते : आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे माध्यम हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले आणि त्यातला मोठा भाग संघांत वाटला जातो.

पुणेकर फुटबॉलवर पैसा खर्च करत नाही असेही नाही. शनिवारी संध्याकाळी कोथरूडच्या घरात किंवा कोरेगाव पार्कच्या एखाद्या हॉटेलात प्रीमियर लीगचा सामना पाहणारा चाहता वर्गणी भरतोच. त्या वर्गणीच्या जोरावर वाहिनी भारतासाठीचे हक्क विकत घेते, ती रक्कम प्रीमियर लीगच्या परदेशी हक्कांच्या गंगाजळीत जाते आणि तिथून बोर्नमथसारख्या छोट्या शहराच्या क्लबपर्यंतही पोहोचते. बालेवाडीपर्यंत तो पैसा पोहोचण्याची वाटच नाही.

इंग्लंडमध्येही हा पैसा शिडीच्या वरच्या पायऱ्यांवरच साचतो. १८८५ मध्ये स्थापन झालेला बरी हा क्लब तिसऱ्या श्रेणीत होता. कर्जांपायी ऑगस्ट २०१९ मध्ये, म्हणजे पुणे सिटी बंद झाला त्याच वर्षी, त्याला लीगमधून काढून टाकले गेले. पण समर्थक एकत्र आले आणि २०२३ मध्ये बरीचा संघ आपल्या जुन्या गिग लेन मैदानावर परतला. पुण्यात तसे झाले नाही, कारण लीगमधली जागा शहराची नव्हती, फ्रँचायझीची होती.

महासंघाचा पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला. त्याआधी नव्या हक्कांसाठी काढलेल्या निविदेला एकही बोली आली नाही.