लेकराच्या लघवीला मुंग्या लागल्या म्हणजे शुगरच का?

"लेकराच्या लघवीला मुंग्या लागल्या की समजा शुगर झाली." आमच्या परभणीकडं हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. तो पाठवण्यामागं माया असते, आणि तो अगदीच निराधारही नाही. लघवीत साखर उतरली तर मुंग्या येऊ शकतात. पण उन्हाळ्यात न्हाणीच्या कडंला त्या नुसत्या ओलीला, क्षारांना, युरियालाही येतात.

रक्तातली साखर साधारण १८०च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, पुढचे आकडेही तसेच) वर गेली की मूत्रपिंडाला ती पुरती परत शोषता येत नाही, मग ती लघवीत उतरते. उपाशीपोटी १५० भरली तर मधुमेहाचाच संशय, तरी लघवी बहुधा कोरीच. त्यामुळं मुंग्या नाहीत म्हणून निर्धास्त राहणंही धोक्याचं.

"लहान मुलांच्या लघवीत साखर जास्तच असते" असंही सांगतात. इथं घोळ नावाचा आहे: लेकरांच्या लघवीत जास्त असतं ते ग्लुकोज नव्हे, ग्लायकोसॅमिनोग्लायकन. या साखरेच्याच घटकांच्या लांबलचक साखळ्या असतात, कूर्चेत (सांध्यातल्या, कानातल्या मऊ हाडात) भरपूर. वाढीच्या वयात कूर्चा आणि हाडं सतत मोडून नव्यानं घडतात, त्याचे तुकडे लघवीतून जातात. क्रिएटिनिनच्या (स्नायूंतून लघवीत जाणाऱ्या टाकाऊ पदार्थाच्या) तुलनेत त्यांचं प्रमाण तान्ह्या बाळात सगळ्यात जास्त, पुढं वयाबरोबर उतरत जातं. त्यांचा मधुमेहाशी संबंध नाही. लघवीतलं ग्लुकोज तपासायच्या पट्टीवर त्या दिसतही नाहीत.

शंका असेल तर रक्त तपासा: उपाशीपोटी १२६ किंवा जास्त आली तर डॉक्टर पुन्हा तपासून निदान पक्कं करतात. लेकरू सारखं पाणी मागतंय, वाळत चाललंय, सवय सुटलेली असून पुन्हा अंथरूण ओलं करतंय, तर मुंग्या असोत-नसोत, त्याच दिवशी दवाखाना गाठा.